मला समजलं, असं मी म्हणालो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मुलीचा निबंध ऐकला. रोजचंच काम. बायको खुर्चीत, मी खिडकीखालच्या पेटीवर आणि मुलगी समोर सतरंजीवर, मांडीवर वही घेऊन. संध्याकाळचे सहा वाजले असतील. दिवे गेले होते. त्या दिवसांत ते जातच असत. मी कंदील लावला आणि मुलीच्या बाजूला सरकवला. बायको म्हणाली, मला उजेड नको, नुसतं तर ऐकायचंय. खरं म्हणजे तिला चेहरा दिसू द्यायचा नव्हता. दुपारपासून तिला धाप लागत होती.

हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही. म्हणून आधी आमचं सांगतो.

मी सुतार. गाव साताऱ्याकडचं. चौथी झाल्यावर वडलांनी हातात रंधा दिला, शाळा तिथेच संपली. महायुद्धाच्या वेळी लष्कराला सुतार हवे होते, म्हणून निघालो तो कलकत्त्याला येऊन पडलो. लढाई संपली, मी इथेच राहिलो. फोर्ट विल्यममध्ये बराकींची दारं, खिडक्या, साहेबांची टेबलं, हेच केलं जन्मभर. बंगाली बोलायला शिकलो, हिंदी लष्करात शिकलोच होतो. इंग्रजी म्हणाल तर 'यस सर' आणि मापाच्या पट्टीवरचे आकडे.

बायको बी.ए. झालेली, इंग्रजी ऑनर्स घेऊन. ती इथलीच, कलकत्त्यात जन्मलेली. सासरे रेल्वेच्या कचेरीत होते. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचं मखर दरवर्षी मी करत असे, तिथे त्यांची ओळख झाली. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मुलगी एकतिशीची आहे. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणतात, मूल होऊ द्यायचं नाही. बोला." मी म्हणालो, माझी हरकत नाही. मला वाटलं, एवढी शिकलेली बाई चौथी पास सुताराला कशाला हो म्हणेल. तिने हो म्हटलं. का म्हटलं, ते पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही भांडणात. म्हणाली, "तुमचं मखर मी मागच्या बाजूने जाऊन बघितलं होतं. जिथे कुणी बघत नाही तिथेसुद्धा सांधे नीट होते. आता मात्र तुम्ही घरातल्या फळीला खिळा ठोकायला तीन महिने लावता."

ती गेल्यावर लोक यायचे आणि म्हणायचे, देवमाणूस होती. देवमाणूस वगैरे काही नव्हती. चिडकी होती. चहा गार झाला तर ओतून द्यायची. माझ्या गावाकडच्या बोलण्याला हसायची, आणि स्वतःचं मराठी असं, की मधेच बंगाली शब्द यायचा आणि तिला पत्ताही लागायचा नाही. पण शिकवण्यात तिने कधी कुणाला फसवलं नाही. हे मी देवापुढे सांगेन.

आधी ती मुलींच्या शाळेत शिकवायची. जिने चढवेनात, तेव्हा शाळा सोडली आणि घरी शिकवणी सुरू केली. घर बालीगंजला, स्टेशनच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. वर राहायचं म्हणजे तिने खाली उतरायचंच नाही असं झालं. मुलं वर यायची. ऑनर्सच्या परीक्षेत एक पेपर नुसता निबंधाचा असे. पाच-सहा विषय द्यायचे, त्यातला एक घ्यायचा, आणि तीन तास त्या एकावरच लिहायचं. तेवढ्या पेपराची शिकवणी ती घ्यायची. बाजारात तयार निबंधांची पुस्तकं मिळत. मुलं ती पाठ करून जायची आणि विषय कुठलाही येवो, पाठ केलेलंच वळवून वळवून तिथे आणायची. ती त्याला भाड्याचं वऱ्हाड म्हणायची. नवरा कोण, नवरी कोण, कुणाला माहीत नाही, पण जेवायला सगळे हजर.

मी यात कसा आलो ते सांगतो. एकदा मी घरी होतो आणि त्याच खोलीत भिंतीला फळी बसवत होतो. एका मुलीने निबंध वाचून दाखवला. कानाला मोठा छान लागला. बायकोने विचारलं, "यात म्हटलंय काय?" मुलगी वहीत बघायला लागली. बायको म्हणाली, "ते फळी ठोकतायत ना, त्यांना सांग. बंगालीत सांग." मुलगी माझ्याकडे वळून सांगायला लागली. मी हातोडी खाली ठेवून ऐकलं आणि म्हणालो, "मला काही कळलं नाही." मुलगी रडकुंडीला आली. बायको मात्र खूश. त्या दिवसापासून पद्धतच पडली. निबंध इंग्रजीत लिहायच्या आधी त्यात काय सांगायचंय ते मला बंगालीत नाहीतर हिंदीत सांगायचं. मला समजलं तरच कागदाला पेन लावायचं. मी तीनच गोष्टी बोलायच्या. समजलं. नाही समजलं. किंवा कुठे सुटलं ते.

पहिल्यांदा मला राग आला होता. मुलं गेल्यावर म्हणालो, "मी अडाणी आहे हे सगळ्या बालीगंजला दाखवायचंय का तुला?"

ती म्हणाली, "अहो, परीक्षक दमलेला असतो. पुढ्यात वह्यांचा ढीग. त्यालाही काही कळत नाही. फरक एवढाच, की तो सांगत नाही, मार्क कापतो. तुम्ही सांगता."

"म्हणजे मी परीक्षक."

"हो. बिनपगारी."

मुलं तिला माशीमा म्हणायची, म्हणजे मावशी. मला मेशोमशाय, म्हणजे मावशीचा नवरा. पुढे पुढे ती एकमेकांना सांगायची, युनिव्हर्सिटीचं सोपं आहे रे, आधी पेटीवरच्या म्हाताऱ्यातून पास हो. मला ऐकू जाईल अशा बेताने. मी तेव्हा पन्नाशीचासुद्धा नव्हतो, पण चाळिशीत केस पांढरे झाले होते. कामावरून आलो की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पेटीवर बसायचं. अकरा वर्षं मी हे केलं. पुढे मला सवय लागली. माणूस बोलताना कुठे चाचपडतोय, कुठे नुसतं वार्निश फिरवतोय, ते कळायला इंग्रजी लागत नाही. त्या संध्याकाळपर्यंत खोटं मी एकदाही बोललो नाही. बऱ्या घरच्या मुली डोळ्यांत पाणी आणून बघायच्या, तरी नाही समजलं म्हणजे नाही समजलं.

मग ते वाईट दिवस आले. रस्त्यात बाँब, भिंतींवर क्रांतीच्या घोषणा, सकाळी कुठल्यातरी गल्लीत कुणाचंतरी पोरगं पडलेलं. परीक्षा पुढे ढकलायचे, पुन्हा पुढे ढकलायचे. झाली तर पुस्तकं उघडून लिहितात, असं लोक म्हणायचे. मग शिकवणी कुणाला हवी? सतरंजीवर नऊ-नऊ जण बसायचे, ते चार झाले, दोन झाले. शेवटी एक राहिली, ती ही मुलगी.

ती कसब्याला राहायची, रेल्वेलाइनच्या पलीकडे. वडील कामाला होते ती ज्यूट मिल बंद पडली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. थोरला भाऊ तुरुंगात. का, ते आम्ही विचारलं नाही, त्या वर्षी कुणी विचारत नसे. आई आणि ही, दोघीच उभ्या. एका शाळेने हिला तात्पुरतं घेतलं होतं आणि सांगितलं होतं, ऑनर्स झालीस तर कायम करू, नाहीतर दुसरी बघू. एकदा ती निबंधाच्याच पेपरात नापास झाली होती. पाठ करून गेली होती, भाड्याचं वऱ्हाड घेऊन. आता ही शेवटची खेप. यात गेली तर परत बसायला मिळणार नव्हतं, आणि शाळाही जाणार होती.

ती अकरा महिने आली आणि अकरा महिन्यांत मी तिला एकदाही 'समजलं' म्हणालो नाही. मुलगी हुशार होती. वाक्यं सुरेख, बायको सांगायची. पण ती घाबरायची. कुठलीही गोष्ट सुरू करायची, आपल्या घरातली, गल्लीतली, आणि ती जरा जवळ आली की पळ काढायची. मग मोठमोठे विचार यायचे. काळ, मानवजात, संस्कृती. मी म्हणायचो, "इथे सुटलं." ती मान खाली घालून वहीत खूण करायची. कधी हट्टाला पेटायची नाही.

तर त्या संध्याकाळी ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधाचा पेपर, दुपारी आणखी एक. बायकोने सरावाला विषय दिला होता, वाट पाहणं. मुलीने वहीवरून इंग्रजी वाचलं, मग वही मिटून मला बंगालीत सांगायला लागली. आई डबा घेऊन रांगेत उभी आहे. तुरुंगाच्या दाराशी. तुरुंग हा शब्द तिने वापरला नाही, मोठं लोखंडी दार म्हणाली, पण मला कळलं. डब्यात भात आहे, तो गार होतोय. पुढची बाई मागे वळून विचारते, तुझा कितवा नंबर. मी ऐकत होतो. खरं सांगायचं तर मी रांगेत आईच्या मागेच उभा होतो.

आणि मग ती पळाली. वाट पाहणं ही मानवाची नियती आहे, शेतकरी पावसाची वाट पाहतो, राष्ट्रं स्वातंत्र्याची वाट पाहतात, असं काहीतरी. शेवटपर्यंत तेच. निबंधात आई परत आलीच नाही.

मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात बायकोकडे बघितलं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि तोंडाने श्वास घेत होती, आवाज होऊ न देता. ओठ काळेनिळे दिसत होते. मी 'सुटलं' म्हणालो असतो तर तिने मुलीला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं असतं. मग इंग्रजीत. तास-दीड तास गेला असता. मला तिला पलंगावर टेकवायचं होतं, बाकी काही नाही.

मी म्हणालो, "समजलं."

बायकोने मान वळवली. "सगळं?"

"सगळं."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की मला खाली बघावंसं वाटलं. "मेशोमशाय, खरंच?" म्हणाली. मी म्हणालो, हो, जा आता, लवकर झोप. तिने दोघांच्या पायांना हात लावला आणि जिना धडधड उतरत गेली. एरवी ती पाय वाजवत नसे.

 मी बायकोला पलंगावर बसवलं, पाठीशी तीन उशा लावल्या. आडवं तिला झोपवतच नव्हतं. मऊ भात केला, बिनमिठाचा, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तिने चार घास घेतले आणि ताट सरकवलं.

"आई कुठे गेली?" म्हणाली.

मला वाटलं, तिची आई म्हणतेय. "कुणाची?"

"रांगेतली."

मी कंदिलाची वात सारखी करायला लागलो.

"तुम्हाला ठाऊक होतं. माझ्याआधी तुम्हाला कळलं होतं, मी तुमचं तोंड बघत होते. खोटं का बोललात?"

"तुला धाप लागली होती."

"ती रोज लागते."

"आज जास्त होती. आरशात बघ जरा."

"म्हणून तिची परीक्षा घालवायची? अकरा महिने नाही म्हणालात आणि नेमकं आज हो म्हणालात. आता ती उद्या हेच करणार. सुरू करणार आणि पळणार. मेशोमशायला समजलं ना, मग झालं."

"अगं, एखादवेळी होईलही पास. वाक्यं चांगली आहेत म्हणतेस ना."

"गेल्या वेळीही चांगली होती."

मी ताट उचलून मोरीवर गेलो. आलो तर म्हणाली, "सकाळी जाऊन सांगा तिला. ती साडेसातला निघते."

"मी नाही जायचा. परीक्षेच्या सकाळी जाऊन सांगू, की काल खोटं बोललो? पोरीचं असेल नसेल तेवढं अवसान जाईल."

"खोट्या अवसानावर ती एकदा जाऊन आलीय."

"आणि सांगू काय? मी काय मास्तर आहे?"

"जे समजलं नाही ते सांगा. तेवढंच तर तुमचं काम आहे."

"मी जाणार नाही."

"मग मी जाते."

"जा. तीन जिने उतर आणि जा."

हे मी म्हणालो. असं म्हणालो. तिने भिंतीकडे तोंड केलं. मीही कंदील बारीक करून खाली अंथरूण टाकलं. दुसरं काही बोलणं झालं नाही. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली हो. मी म्हणतो, काही नाही, झोपेतच गेली. कुणाला काय सांगायचं.

नळाला पाणी पहाटे पाचला यायचं, खाली अंगणात. मी दोन बादल्या घेऊन उतरलो तेव्हा ती जागी होती. डोळे उघडे होते, माझ्याकडे होते. मी बोललो नाही. अजून राग होता. दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला वर आलो तर ती उशांना टेकून तशीच बसलेली, मान एका बाजूला पडलेली. मला बादली ठेवतानाच कळलं. जवळ गेलो, हाक मारली, हात धरला. हात अजून ऊन होता. मी तिथे किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. मग तिला सरळ झोपवलं. अंगाखाली उशी नसताना तिला झोपलेली मी दोन वर्षांनी बघितली.

खालच्या मजल्यावर पूर्व बंगालमधून आलेल्या एक विधवा बाई राहायच्या, माझ्याहून मोठ्या. मी त्यांना दीदी म्हणत असे. त्यांना बोलावलं. त्या वर आल्या, बघितलं, बसल्या. त्यांनी खूप मरणं बघितली होती, रडारड केली नाही. म्हणाल्या, "डॉक्टरला सांगावं लागेल. तुमच्या मराठी लोकांना कळवावं लागेल."

मी म्हणालो, "हो. त्याच्या आधी मी जरा कसब्याला जाऊन येतो. तुम्ही हिच्याजवळ बसाल का?"

"कसब्याला कोण आहे तुमचं?"

"एक मुलगी. शिकायला येते ती. तिची आज परीक्षा आहे."

"मग?"

"तिला एक गोष्ट सांगायची राहिलीय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? बायको अशी समोर, आणि तुम्ही परीक्षा-परीक्षा काय करताय? कुणी आलं तर मी काय सांगू, नवरा कुठे गेला?"

"सांगा, कसब्याला गेलाय."

त्यांनी कपाळाला हात लावला. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाल्या, "हिच्या पायांवर पांघरूण घालून जा. उघडे आहेत." मी परत आलो, पायांवर चादर ओढली आणि निघालो.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी उभी होती, हलेना. मी तिथे उभा राहिलो. वाटलं, परत जावं. हे काय करतोय आपण. आपलं माणूस घरात पडलंय आणि आपण एका परक्या पोरीच्या पेपरासाठी फाटकाशी उभे. आणि खरंच जर तिचं अवसान गेलं तर? रात्री मी तेच म्हणत होतो ना. गाडी पुढे सरकायला लागली तेव्हा मी अजून ठरवत होतो. फाटक उघडलं, लोक निघाले, त्यांच्याबरोबर मीही निघालो. ठरवलं असं काही नाही.

त्यांचं घर गल्लीत आत, पत्र्याचं. दार उघडं होतं. मुलगी आत जमिनीवर बसून भात खात होती, केस ओले. आई चुलीशी. मला बघून मुलगी अर्धवट उठली. "मेशोमशाय? आत या ना."

"नको. मी इथेच ठीक आहे." मी उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो. "तू जेव. मी बोलतो."

ती बसली.

"काल मी खोटं बोललो. मला सगळं समजलं नव्हतं."

भातातला तिचा हात थांबला. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "कुठे सुटलं?"

इतक्या दिवसांची सवय. तिने ते विचारलं आणि माझं काम सोपं झालं.

मी म्हणालो, "तुझी आई रांगेत उभी होती. डबा गार होत होता. मी तिच्या मागे उभा होतो. मग तू मला घेऊन भलतीकडेच गेलीस, शेतकऱ्याकडे, राष्ट्राकडे. शेवटी मी विचारतोय, आई कुठे आहे? तिला आत घेतलं का? डबा दिला का? ते तू सांगितलंच नाहीस."

तिने आईकडे बघितलं. आई चुलीकडे बघत होती.

"ते लिहिलं तर परीक्षक म्हणेल, हा निबंध नाही, हे घरचं रडगाणं आहे," ती म्हणाली.

"परीक्षकाचं मला माहीत नाही. मला जे समजलं नाही ते सांगायला आलो. तुरुंगाचंच लिही असं नाही. आज विषय कुठलाही येईल. पण ज्याला बरोबर घेऊन निघशील त्याला रस्त्यात टाकू नकोस. तू दरवेळी टाकतेस. भीती वाटली की टाकतेस."

"हो," ती म्हणाली. मग विचारलं, "माशीमांनी पाठवलं?"

"हो. रात्रीच म्हणाली होती, जाऊन सांगा."

"आणि त्यांना बरं आहे ना? काल मला वाटलं..."

"तू आता पेपराचं बघ. साडेसात होत आले."

तिने हात धुतला, पेन-पेन्सिल घेतली. आईने वाटीतलं दही बोटावर घेऊन तिच्या कपाळाला लावलं. परीक्षेला निघताना त्यांच्यात लावतात. मग मुलगी बाहेर आली आणि माझ्या पायांशी वाकली. मी पटकन दोन पावलं मागे झालो. सुतकात नमस्कार घेत नाहीत. ती तशीच वाकलेली राहिली, मग सरळ झाली. तिचं तोंड उतरलं.

"रागावलात का माझ्यावर?"

"नाही. अजिबात नाही. जा, बस चुकेल."

ती गेली. गल्लीच्या वळणावर एकदा मागे बघितलं, मी हात वर केला.

मी वळलो तर तिची आई दारात उभी, दह्याची वाटी तशीच हातात. तिने माझे पाय बघितले. मीही बघितले. मी चपला घालायला विसरलो होतो. घरापासून अनवाणी आलो होतो, आणि त्यांच्यात सुतकात असेच अनवाणी फिरतात. तिने वाटी आत ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हळूच विचारलं, "केव्हा?"

"पाच-सव्वापाचला."

तिने उंबऱ्याकडे बघितलं. "म्हणून आत आला नाहीत."

"हो."

"बरं केलंत, तिला सांगितलं नाहीत ते. आज दोन पेपर आहेत. पाचला सुटेल. मी गेटावरच जाते, आणि तिथून तिला सरळ तुमच्याकडे घेऊन येते. तोपर्यंत ठेवाल का माशीमांना? तिला एकदा बघू दे."

मी विचार केला. दिवस उन्हाळ्याचे, आणि खोली पत्र्याखाली नसली तरी वरच्या मजल्याची, पश्चिमेची. "पाचपर्यंत नाही राहायचं," मी म्हणालो.

तिने मान हलवली.

तिथून मी डॉक्टरांच्या घरी गेलो. दवाखाना उघडायला वेळ होता, पण दाखला मिळाल्याशिवाय घाटावर घेत नाहीत. ते दाढी करत होते. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मी बसलो.